दात काढायचाय, पण कावीळ सांगायची का?

केज तालुक्यातल्या एका खेड्यातून एका सूनबाईंचं पत्र आलंय. थोडं आटोपतं करून देते:

"माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, ६१ वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी त्यांना लिव्हर सिरॉसिस निघाला. मामा माळकरी आहेत, दारूचा थेंब कधी घेतला नाही. रक्तात कावीळ बी (हिपॅटायटिस बी) निघाली, त्यातून हे झालं असं डॉक्टर म्हणाले. पोटात पाणी झालं होतं, आता गोळ्यांनी कमी आहे. महिनाभरापासून खालची दाढ ठणकते. गाल सुजतो, उतरतो, पुन्हा सुजतो. तालुक्याला दातांच्या दवाखान्यात नेलं, तर कावीळ बी म्हटल्यावर 'आमच्याकडे होणार नाही, मोठ्या ठिकाणी न्या' म्हणाले. मोठं ठिकाण कोणतं ते काही सांगितलं नाही. आता घरात असं ठरतंय की दुसऱ्या गावी दुसऱ्या डॉक्टरकडे न्यायचं आणि काविळीचं बोलायचंच नाही. तोवर मेडिकलवरून गोळ्या आणून देतो. मला हे पटत नाही, पण माझं कोण ऐकणार? अजून एक, माझा तीन वर्षांचा मुलगा रोज आजोबांच्या ताटात जेवतो. चालेल का?"

ताई,

तुम्हाला जे पटत नाही, ते पटण्यासारखं नाहीच. माझं हे उत्तर घरात मोठ्यानं वाचून दाखवा. तुमचं ऐकत नसतील तर दाताच्या डॉक्टरीणबाईंचं तरी ऐकतील.

घरच्यांचा मला राग येत नाही. कळलं तर दारातून परत पाठवतात, नाही कळलं तर दात निघतो, इतका सरळ हिशोब आहे त्यांचा. एकदा अपमान झालेला माणूस पुढच्या दारात गप्पच बसणार. पण या हिशोबात सगळ्यांचं लक्ष विषाणूवर आहे, तो डॉक्टरला लागेल का यावर. मामांच्या जिवाला खरा धोका विषाणूचा नाही. तो दाढ काढल्यावरच्या रक्ताचा आहे, आणि त्याआधी त्या मेडिकलवरच्या गोळ्यांचा.

रक्त गोठायला जी प्रथिनं लागतात, त्यातली बहुतेक लिव्हरच बनवतं. सिरॉसिसमध्ये लिव्हर कडक होतं, गाठाळतं, आणि हे काम मंदावतं. दुसरीकडे, आतड्यांतून लिव्हरकडे येणाऱ्या रक्ताला वाट अपुरी पडली की ते तुंबतं आणि प्लीहा वाढते. जुनी माणसं तिला पाणथरी म्हणतात. वाढलेली पाणथरी रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणारे बारीक कण, स्वतःकडे अडवून ठेवते. धडधाकट माणसाच्या प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाख असतात, सिरॉसिसच्या माणसाच्या ६०-७० हजारांवर आलेल्या मी कितीदा पाहिल्यात. वरून काही दिसत नाही. माणूस चालतो, बोलतो, शेतावर चक्कर मारून येतो. दाढ काढली की त्या खळग्यात मात्र सगळं उघडं पडतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. दवाखाना टाकून वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. पन्नाशीचे एक शेतकरी आले. दात हलत होता. मी विचारलं, "काही आजार आहे का?" ते म्हणाले, "काय बी नाही." दोन मिनिटांत दात हातात आला, कापूस दाबून घरी पाठवलं. रात्री अकराला जीप दारात उभी राहिली. खांद्यावरचा पांढरा टॉवेल तोंडाशी धरलेला, अर्धा लाल झालेला. तोंड उघडलं तर दाताच्या जागेवर काळपट लाल, जेलीसारखी थलथलीत गाठ, आणि तिच्या कडेनं रक्त झिरपतंय. अशी गाठ दिसायला मोठी असते, पण रक्त धरून ठेवत नाही. ती काढून, औषधी स्पंज भरून, टाके घालून, अर्धा तास बोटानं दाबून बसले. तेव्हा दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं हळूच सांगितलं, "मॅडम, यांच्या लिव्हरला सूज हाय. सांगू नको म्हनले, सांगितलं तर दात काढणार न्हाईत." त्यांना त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात हलवलं. वाचले. पण चूक त्यांची एकट्याची नव्हती, माझीही होती. "काही आजार आहे का" या प्रश्नाला आपल्याकडे "नाही" हेच उत्तर असतं. तेव्हापासून मी विचारते: कधी काविळीनं झोपला होतात का? संध्याकाळी पायाला सूज येते का? धोतर पोटावर घट्ट होतंय का? आणि माणसाला खिडकीपाशी उभं करून डोळ्याचं पांढरं बघते, कारण ट्यूबलाइटखाली पिवळेपणा लपतो.

म्हणून ताई, सांगायचं. आणि "कावीळ बी आहे" एवढं एकच वाक्य नाही सांगायचं, कागदांसकट सांगायचं. मामांची फाइल घ्या. त्यात सोनोग्राफी असेल, दुर्बिणीची तपासणी झाली असेल तर तिचा रिपोर्ट असेल, चालू गोळ्यांची चिठ्ठी असेल. त्याशिवाय रक्ताच्या तपासण्या नव्यानं करा, जुन्या चालणार नाहीत: सीबीसी, म्हणजे त्यात प्लेटलेट्स कळतील, पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते कळेल, आणि लिव्हर फंक्शन टेस्ट. आयएनआर साधारण १ च्या आसपास असतो, लिव्हर बिघडलं की वाढतो. पण सिरॉसिसमध्ये रक्त गोठवणारी प्रथिनं कमी होतात तशी गोठू न देणारीही कमी होतात, त्यामुळे एकट्या आयएनआरवरून कुणी "काही होत नाही" म्हणू नये आणि "हात लावायचाच नाही" असंही म्हणू नये. प्लेटलेट्स ५० हजारांच्या खाली असतील तर मात्र गावातल्या खुर्चीवर दाढ काढायचा विचारच नको. ते काम जिथं भरती करता येतं, रक्त मिळतं, तिथंच.

आधी मामांचं लिव्हर जे डॉक्टर बघतात त्यांच्याकडे जा आणि दाढ काढायची आहे, काय काळजी घ्यायची, हे चिठ्ठीवर लिहून मागा. ही चिठ्ठी हातात असली की दाताच्या डॉक्टरचीही भीती निम्मी होते, हे मी स्वतःवरून सांगते.

आता ते न सांगितलेलं मोठं ठिकाण. तुम्हाला अंबाजोगाई जवळ आहे. तिथल्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी जा. मेडिकल कॉलेजात दातांचा विभाग असतो आणि फिजिशियन, रक्तपेढी त्याच छताखाली, मामांना नेमकं हेच हवंय. तिथून पुढे पाठवलं तर छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. लांब पडतं, माणूस सोबत लागतो, एका दिवसाचा रोज बुडतो, हे सगळं मला कळतं. तरी गपचूप काढलेली दाढ त्याहून महाग पडते.

गोळ्यांचं जरा सविस्तर लिहिते, कारण रोज नुकसान तिथं होतंय. दातदुखीला म्हणून मेडिकलवर जी गोळी देतात, तिचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, केटोरोलॅक, निमेसुलाइड, अॅस्पिरिन, यातलं काहीही लिहिलेलं असेल तर ती मामांना आजपासून बंद. सिरॉसिसमध्ये, त्यातही पोटात पाणी झालेल्या माणसात, किडनीचा रक्तपुरवठा काठावर चाललेला असतो. या गोळ्या तो आणखी तोडतात. लघवी कमी होते, उतरलेलं पाणी परत भरतं. शिवाय जठराला जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो, प्लेटलेट्सचं उरलंसुरलं कामही मंदावतं. एका दाढेच्या दुखण्यापायी किडनी बसली तर त्या घरावर काय येतं, ते मी बघितलंय.

मग दुखण्याला काय द्यायचं? पॅरासिटामॉल. तुम्ही म्हणाल, पॅरासिटामॉल तर लिव्हरला वाईट म्हणतात. जास्त घेतली तर वाईटच. पण बेतानं घेतली तर सिरॉसिसच्या माणसाला दुखण्यावर तीच त्यातल्या त्यात सुरक्षित गोळी आहे. ५०० ची साधी गोळी, दिवसभरात मिळून ४ च्या वर नाही, म्हणजे २ ग्रॅम, दोन गोळ्यांमध्ये सहा तास, आणि तेही तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून. सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, ते या चारमध्ये धरायचं. नेमकं उलटं होताना मी पाहते: लोक घाबरून पॅरासिटामॉल टाळतात आणि डायक्लोफिनॅक खातात.

सूज आली की पाच दिवसांच्या कॅप्सूल आणायच्या, हेही थांबवा. सूज उतरते आणि परत येते याचं कारण दाढेच्या मुळाशी पू आहे. तो तिथं असेपर्यंत कॅप्सूलनं तात्पुरतंच बरं वाटणार. काही अँटिबायोटिक लिव्हरवरच ताण आणतात. अमॉक्सिसिलिन बहुधा चालतं, त्यातच क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड मिसळलेल्या गोळीनं काही जणांना कावीळ होते, मेट्रोनिडाझोलचा डोस लिव्हर फार बिघडलेलं असेल तर कमी करावा लागतो. हे ठरवणं मेडिकलवाल्या भाऊंचं काम नाही. रुईचा चीक दाढेत सोडणं, गोळी कुटून हिरडीवर धरणं, हेही नको, हिरडी भाजते. झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी तर अजिबात देऊ नका. सिरॉसिसच्या माणसाला तिनं नुसती झोप लागत नाही, भ्रम होऊ शकतो.

आणि एक: कावीळ बीची रोजची गोळी, टेनोफोव्हिर असो की एन्टेकॅव्हिर, दाढेच्या भानगडीत एक दिवसही चुकवू नका. ती मध्येच थांबवली की विषाणू उसळतो. पैशाची अडचण असेल तर राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. मेडिकल कॉलेजात किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

"मग दाढ राहू द्यावी का, लिव्हर नीट झाल्यावर बघू" असं कुणी म्हणेल. नाही. सिरॉसिसमध्ये माणसाची जंतूंशी लढायची ताकद कमी झालेली असते. दाढेतला पू रक्तात उतरला तर सावरलेलं लिव्हर पुन्हा घसरू शकतं. सूज गालावरून जबड्याखाली, गळ्याकडे उतरली, ताप भरला, तोंड उघडेना, गिळता येईना, किंवा मामा असंबद्ध बोलायला लागले, दिवसा झोपून रात्री जागे राहायला लागले, तर तारखेची वाट बघू नका. १०८ ला फोन लावा. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली तरी तेच.

दाढ वाचण्यासारखी असेल तर रूट कॅनलचं विचारा. काढण्यापेक्षा त्यात रक्त फार कमी येतं, मामांसारख्या माणसाला तो मार्ग मी आधी बघते. काढावीच लागली तर तारीख सकाळची आणि सोमवार-मंगळवारची मागा. रक्त पुन्हा सुरू झालंच तर ते दिवसाउजेडी, दवाखाना चालू असताना व्हावं, शनिवारी रात्री नव्हे. मामा माळकरी आहेत म्हणता, तर एकादशीची तारीख घेऊ नका. सिरॉसिसच्या माणसानं फार वेळ उपाशी राहायचं नसतं, त्याच्या लिव्हरमध्ये साखरेचा साठा टिकत नाही. रात्री झोपताना काहीतरी खाऊ घाला, सकाळी न्याहारी करूनच न्या. विठ्ठल रागावणार नाही.

तिथं गेल्यावर डॉक्टरांना दोन गोष्टी तुम्हीही आठवणीनं सांगा. पोटात पाणी आहे, खुर्ची पूर्ण आडवी केली तर मामांना दम लागेल, अर्धवट बसूनच काम करावं. आणि एका वेळी एकच दाढ. बधिरतेचं इंजेक्शन, ते लिग्नोकेन, लिव्हरमध्येच मोडतं, म्हणून मामांसाठी त्याचं माप राखून वापरायचं असतं. खालच्या दाढेला एरवी आत खोल इंजेक्शन देतात. रक्त नीट गोठत नसेल तर तिथं आतल्या आत रक्त साचायची भीती असते, म्हणून दातालगतच देता येतं का ते डॉक्टर बघतील. दाढ निघाल्यावर स्पंज, टाके, रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडमध्ये भिजवलेला गॉझ. हे सगळं नीट केलं तर बहुतेकांचं रक्त तिथंच थांबतं. कुणी "व्हिटॅमिन केचं इंजेक्शन मारून न्या, काही होत नाही" म्हणेल. पित्ताची नळी अडून कावीळ झाली असेल तर त्याचा चांगला गुण येतो. पण सिरॉसिसमध्ये प्रथिनं बनवणाऱ्या पेशीच थकलेल्या असतात, त्यांना नुसता माल पुरवून भागत नाही.

दाढ काढल्यावर तास-दीड तास डॉक्टरांच्या समोरच बाकावर बसून मग निघालेलं बरं. गॉझ पाऊण तास दाबून धरायचा, दर पाच मिनिटांनी काढून बघायचा नाही. पहिला दिवस चूळ नाही, थुंकणं नाही. रक्त जास्त येऊ लागलं तर मात्र गिळायचंही नाही, तोंडातून हळूच बाहेर येऊ द्यायचं. पोटात गेलेलं रक्त पचताना जे तयार होतं, ते मामांच्या लिव्हरला उपसता येत नाही आणि त्यानं भ्रम होऊ शकतो. नवा गॉझ दाबायचा आणि फोन करायचा. खायला दुधात कुस्करलेली भाकरी थंड करून, ज्वारीची आंबील मीठ बेतानं घालून. ठेचा, शेंगदाण्याची चटणी आठवडाभर लांब ठेवा, शेंगदाण्याचे कण खळग्यात जाऊन बसतात. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हळूच चूळ. मामांना मीठ बंद केलंय म्हणून घाबरू नका, थुंकायचंच आहे ते.

हिरडीतून रक्त येतं म्हणून मामांनी ब्रश सोडला असेल, तर तुमच्या पत्रात तसं नसलं तरी विचारून बघा. बहुतेक जण सोडतात आणि मिसरीवर येतात. मऊ ब्रश, हलका हात, दोन वेळा, रक्त आलं तरी. घाण साचली की रक्त वाढतं. पोट साफ व्हायला गोड सिरप चालू असेल तर ते घेतल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरायची.

परत पाठवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंबद्दल मला वाईट वाटतं आणि हे मी जाहीर लिहिते. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात ७ दिवस टिकू शकतो, खरं आहे. म्हणूनच तर प्रत्येक पेशंटनंतर अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर १५ मिनिटं दाबाखाली ठेवायची असतात, हातमोजे बदलायचे असतात, आणि डॉक्टरनं आणि मदतनिसानं लस घेतलेली असायची असते. कितीतरी जणांना आपल्याला कावीळ बी आहे हे माहीतच नसतं. ते रोज आपल्या खुर्चीत बसून जातात. मामांनी निदान सांगितलं. जो सांगतो त्यालाच परत पाठवलं, तर पुढच्या वेळी कोण सांगेल? दवाखान्याबाहेर, बाजारात पथारी टाकून दात काढणाऱ्याकडे मात्र कुणीही जाऊ नका, ना मामांनी, ना तुम्ही.

आता तुमच्या मुलाचं. जेवू द्या त्याला आजोबांच्या ताटात. एकत्र जेवण्यानं, मांडीवर बसण्यानं, पापा घेण्यानं कावीळ बी पसरत नाही. ती रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जाते. दाढेतून रक्त येत असेल ते दोन-चार दिवस आजोबांचं उष्टं देऊ नका, बाकी काही नाही. दातांचा ब्रश आणि दाढीचं ब्लेड प्रत्येकाचं वेगळं. मुलाचं लसीकरणाचं कार्ड काढा. जन्मल्यावर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीचा एक डोस, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (त्यात हिपॅटायटिस बीची लसही असते), एवढं त्यावर असेल तर त्याची लस पूर्ण झालीय. कार्ड सापडत नसेल तर आशाताईंना विचारा, उपकेंद्राच्या रजिस्टरला नोंद असते. मोठ्यांचं मात्र राहून गेलेलं असणार. तुम्ही, तुमचे मालक, सासूबाई, दीर, सगळ्यांनी एकदा एचबीएसएजीची, म्हणजे रक्तात कावीळ बी आहे का त्याची, तपासणी करून घ्या. निगेटिव्ह आली तर लस: आज एक, महिन्यानं दुसरी, सहाव्या महिन्याला तिसरी. मामांना अंबाजोगाईला न्याल त्याच दिवशी तुमचंही रक्त देऊन टाका, दुसरा रोज बुडवायला नको.